खुलासा : मराकानाचा सामना ‘फायनल’ नव्हता

‘1950 च्या फुटबॉल विश्वचषक फायनलमध्ये उरुग्वेने ब्राझीलला हरवलं’ असा मजकूर फिरतोय. निकाल खरा, 2-1. पण त्या स्पर्धेत फायनल ठेवलीच नव्हती. ब्राझील, उरुग्वे, स्वीडन आणि स्पेन या चार संघांचा शेवटचा साखळी गट होता, आणि ज्याचे गुण जास्त तो विजेता. 16 जुलैला रिओच्या मराकाना स्टेडियमवर योगायोगाने गटातले पहिले दोन संघ समोरासमोर आले. त्याच दिवशी साओ पाउलोत स्वीडनने स्पेनला 3-1 हरवलं. तो सामना कुणाला आठवतो?

फायनल नसण्याचा हा तपशील किरकोळ नाही. स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 धुतलेल्या ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती. ब्राझीलच्या फ्रियासाच्या गोलनंतर उरुग्वेच्या स्कियाफिनोने बरोबरी साधली, तरी चषक ब्राझीलकडेच होता. तो गेला 79व्या मिनिटाला, उरुग्वेच्याच घिजियाच्या गोलवर.

‘पराभवानंतर ब्राझीलने पांढरी जर्सी लगेच टाकली’ हेही अर्धसत्य. 1952 ची पॅन-अमेरिकन स्पर्धा त्यांनी पांढऱ्यातच जिंकली. पिवळी जर्सी 1953 च्या एका वृत्तपत्रीय स्पर्धेतून निवडली गेली आणि 1954 मध्ये मैदानात आली.