न पडणारा गुणी

आमच्या पॅनलमध्ये दोन जुने ईएलसीबी आहेत, म्हणजे करंट गळला की शॉकपासून वाचवायला वीज तोडणारे खटके. खरं तर त्यांचं आजचं नाव आरसीसीबी, पण अंधारात त्यांना मी जे म्हणतो ते या दोन्हींपेक्षा वेगळं असतं. खालच्या मजल्याचा महिनाभर उठसूट ट्रिप होत होता. वरच्या मजल्याचा पंधरा वर्षांत एकदाही पडला नव्हता. "शिक जरा त्याच्याकडून!" असं मी खालच्याला सुनावतही असे.

शेवटी शोधमोहीम काढली. खालच्याचे सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे ब्रेकर, पाडायचे, मग एकेक वर करायचा. ज्याच्या वेळी 'टक्' होईल तो चोर. बायकोने टॉर्च धरला. सगळे वर केले, काही नाही. पुन्हा सगळे पाडले, ती वर आंघोळीला गेली, आणि टक्! एकही एमसीबी चालू नसताना! गीझर तर वरच्या ईएलसीबीवर. "अहो, माझ्या आंघोळीवर डोळा आहे त्याचा," बायको वरून ओरडली.

ब्रेकरच सडलाय, असा निकाल देऊन मी वायरमनला बोलावलं. त्याने निकाल फिरवला. आमचे एमसीबी फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतात; न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, जोडलेलाच राहतो. खालचा न्यूट्रल कुठे अर्थला टेकला, की वरच्या गीझरचा परतणारा करंट थोडासा खालच्या ईएलसीबीतून या चोरवाटेने पळतो. ईएलसीबी जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचा हिशेब ठेवतो. 30 मिलीअँपिअरची तफावत दिसली की खटका पाडायचा, एवढंच त्याचं काम.

मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून तो थेट बैठकीतल्या भिंतीवरच्या दिव्यापाशी पोचला. पत्र्याच्या पट्टीखाली काळी वायर चिमटलेली, स्क्रूच्या धारेने सोललेली.

"दिवा कोणी बसवला?"

मी छताकडे पाहिलं. महिन्यापूर्वी, स्क्रू जरा जास्तच आवळत, मीच बसवला होता.

वायर बदलली, खालचा शांत झाला. जाताजाता वायरमनने त्याचं टेस्ट बटण दाबलं. टक्. इमानदार पडला. मग वरच्याचं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा होईस्तोवर. आमचा गुणी ढिम्म.

"साहेब, हा आतून जाम झालाय. दर महिन्याला बटण दाबत होता ना?"

मी पुन्हा छताकडे पाहायला मान वर केली, तर जिन्यात बायको उभी.

"म्हणजे इतकी वर्षं त्या गीझरखाली मी कोणाच्या भरवशावर आंघोळ करत होते?"