ब्राझीलने गीर ‘शुद्ध’ ठेवली? मग गिरोलांडो कुठून आली?

“ब्राझीलने आपली गीर चोरली, शुद्ध ठेवली, म्हणून तिथली गाय रोज 60 लिटर देते. आपण संकर करून वाटोळं केलं. आणि आता तिचं वीर्य मागवायचं तर सरकार मुद्दाम अडवतं.” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, मी सोडून देत आलो. पण धाकट्या मामांनी तो पाठवून खाली विचारलं, “दोन्ही एचएफ गायी काढून टाकू का?” आता डोकं फिरलं.

मामा, काढू नका. ब्राझीलमधलं बरंचसं दूध शुद्ध गीरचं नाहीच, गीर आणि होल्स्टिनच्या संकराचं आहे. होल्स्टिन म्हणजे आपली एचएफच! या संकराची त्यांनी रीतसर वेगळी जात बांधली: गिरोलांडो, 5/8 होल्स्टिन, 3/8 गीर. ज्या देशाचा दाखला देऊन तुम्हाला संकरित गायी विकायला लावताहेत, तो देश कॉफीत संकरित गायीचंच दूध घालतो. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं तरी बघायचं.

60 लिटर हा दूधस्पर्धेतल्या निवडक गायीचा एका दिवसाचा आकडा. 305 दिवसांच्या वेताला गुणून बघा, 18,300 लिटर होतात. एवढी सरासरी जगात कुठल्याच देशातल्या होल्स्टिनचीही नाही.

चोरी? भावनगरच्या महाराजांच्या कळपातला ‘कृष्णा’ हा गीर वळू ब्राझीलचे पशुपालक सेल्सो गार्सिया सिद यांनी 1960 च्या सुमारास उघडपणे नेला. आता पुढचा मुद्दा.

सरकार अडवतं म्हणे. 1920 मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली जनावरं अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथरोग, पसरला. त्या धसक्यातूनच 1924 मध्ये पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना उभी राहिली. परदेशी वीर्यावरच्या तपासण्या हौसेने लावलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल. नोंदी ठेवण्यात ते आपल्या पुढे गेले. एम्ब्रापा ही तिथली सरकारी संशोधन संस्था आणि गीरपालकांची संघटना 1985 पासून वळूंची पारख करताहेत. वळू किती देखणा, वशिंड केवढं, यावर निकाल लागत नाही. वेगवेगळ्या गोठ्यांत त्याच्या मुली वितात, त्यांचं दूध मोजतात, मग वळूचा क्रम ठरतो. आपल्याकडे कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरून, म्हणजे कृत्रिम रेतन करून झालं की वळूचा ओळख नंबर कितीजण लिहून ठेवतात?

तेव्हा ‘अस्सल ब्राझील गीर’ म्हणून महागडी कांडी घेऊन कुणी दारात आला, तर वळूच्या मुलींचं दूध विचारा. त्याने मोबाइलमध्ये नुसता कासेचा फोटो दाखवला, तर वाटेला लावा.