जायचे असेल तर दोन वर्षांसाठी जा

मागच्या रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) चार तरुण मला चर्चच्या आवारात भेटले. मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी आफ्रिकेत मिशनसेवेला जाण्याचे त्यांनी ठरवले आहे. मी केनियात राहून आलो असल्यामुळे तिथल्या ओळखीच्या फादरांना माझ्याकडून एक पत्र जावे, अशी त्यांची विनंती होती. मी पत्र देणार नाही असे सांगितले आणि त्यांचे चेहरे उतरले. मुले मनापासून आली होती, म्हणून नुसता नकार देऊन घरी येणे मला बरे वाटले नाही. माझे कारण इथे सविस्तर लिहितो.

२०१३ ते २०१५ अशी दोन वर्षे मी केनियाच्या वायव्येकडील तुर्काना भागात एका मिशन केंद्रावर स्वयंसेवक होतो. वसईत माझे पंपदुरुस्तीचे वर्कशॉप आहे, ते धाकट्या भावावर सोपवून गेलो होतो. केंद्राच्या हद्दीतील वाड्यांवरचे हातपंप चालू ठेवणे हे माझे काम. तुर्काना हा शेळ्यामेंढ्या, उंट आणि गाढवे पाळणाऱ्या लोकांचा अतिशय कोरडा मुलूख आहे. तिथले मुख्य शहर लोदवार, तिथून निघाल्यावर पहिल्याच दिवशी रस्त्याच्या कडेला ओळखीचे झाड दिसले, ते म्हणजे आपली वेडी बाभूळ. तिला तिकडे माथेंगे म्हणतात. आपल्याकडच्याप्रमाणेच तिकडेही ती बाहेरून आणून लावली गेली आणि मग आवरेनाशी झाली. नद्या वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या असतात. बायका आणि मुली नदीच्या वाळूत झिरे खणतात, वाटीवाटीने पाणी भरतात आणि वीस लिटरचे पिवळे जेरीकॅन डोक्यावर घेऊन घरी नेतात.

पोहोचल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात एका वाडीवरचा बंद पंप मी दोन तासांत चालू केला. केंद्राचा ड्रायव्हर हाताशी होता, साखळी आणि वायसर बदलले, पाणी आले, बायकांनी गाणे म्हटले, मुले पाण्यात नाचली. तो फोटो मी घरी पाठवला आणि तो आमच्या धर्मग्रामात बराच फिरला. महिनाभराने मी पुन्हा त्या वाडीवर गेलो तेव्हा पंपाचा दांडा सैल लोंबकळत होता आणि बायका परत झिऱ्यावर जात होत्या. नट ढिला होऊन निघाला होता, एवढेच. एक पाना असता आणि तो कुठे लावायचा हे कोणाला ठाऊक असते, तर पाच मिनिटांचे काम होते. आमच्या केंद्रावरच्या धर्मशिक्षकांना, ज्यांना तिकडे कातेकिस्ता म्हणतात, मी विचारले की निरोप का पाठवला नाही. ते शांतपणे म्हणाले, "पंप तुम्ही उघडलात आणि तुम्हीच परत जोडलात. त्यांना वाटले, तो तुमचाच आहे." मी जर तीन आठवड्यांसाठी गेलो असतो, तर त्या फोटोवर समाधान मानून परतलो असतो आणि आजही तो पंप चालू आहे असेच मानत राहिलो असतो. हे शब्द ऐकायला मी तिथे होतो, कारण मला आणखी बावीस-तेवीस महिने राहायचे होते.

हातपंपाचीच गोष्ट थोडी पुढे नेतो, कारण माझे म्हणणे त्यातच आहे. आपण खेड्यापाड्यांत पाहतो तो इंडिया मार्क टू हा पंप १९७० च्या दशकात तयार झाला आणि त्याचे मूळ सोलापूरला मिशनच्या विहिरींच्या कामातून घडलेल्या पंपात आहे. महाराष्ट्रात सुरुवात झालेला हा दणकट पंप पुढे जगभर गेला. पण त्याचा खालचा भाग दुरुस्त करायचा तर लोखंडी पाइपांची सगळी रांग वर ओढावी लागते, त्यासाठी खास हत्यारे आणि माहीतगार माणसांची टोळी लागते. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात आफ्रिदेव नावाचा पंप विकसित झाला, तो नेमका ही अडचण डोळ्यांपुढे ठेवून. त्याचा पाइप प्लास्टिकचा असतो आणि तो जागेवरच राहतो, दट्ट्या आणि खालचा व्हॉल्व्ह त्याच पाइपातून वर काढता येतात आणि बहुतेक काम एका पान्यावर होते. सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत तो चालतो, त्याहून खोल पाणी असेल तिथे त्याचा उपयोग नाही. कारागीर म्हणून विचाराल तर मजबुतीत मी आपल्या पंपालाच पहिला क्रमांक देईन. पण गावाच्या हातात राहणारा पंप दुसरा आहे. सेवेकडेही मी याच नजरेने पाहतो. मी निघून गेल्यावर हे काम कोण उघडून पाहू शकेल?

त्यानंतर मी स्वतः पाना हातात घेणे जवळजवळ सोडून दिले. प्रत्येक वाडीवर पाचसहा बायकांना घेऊन बसायचे, त्यांनी पंप उघडायचा, चुकायचे, पुन्हा जोडायचा आणि मी गप्प राहायचे. गप्प राहणे मला फार जड गेले. दोन तासांच्या कामाला दोन दिवस लागत. त्यातच सुट्या भागांसाठी थोडे थोडे पैसे कोण जमवणार आणि ते कोणाकडे ठेवायचे, यावर बैठकीमागून बैठका होत. दुष्काळात कुटुंबे जनावरे घेऊन दूर निघून गेली की शिकवलेले हातही त्यांच्याबरोबर जात आणि परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मी निघालो तेव्हा अकरा पंपांपैकी सातांची देखभाल बायका स्वतः करत होत्या. चार ठिकाणी मला ते साधले नाही.

हे सगळे भाषेशिवाय होत नाही. स्वाहिली आपल्याला तशी परकी वाटत नाही. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात, चपातीला तर चपातीच. सहा महिन्यांत मला कामापुरती स्वाहिली आली आणि मला वाटले, झाले. पण पाणी भरणाऱ्या वयस्कर बायकांपैकी कितीतरी जणींना स्वाहिली येतच नव्हती. त्यांची भाषा तुर्काना. मग नव्याने शिकायला लागलो: 'एजोका?' असे विचारायचे, 'एजोक-नोई' असे उत्तर द्यायचे, पाण्याला 'ङाकिपी' म्हणायचे. शाळेत आपण पाठ केलेला तो ङ मला पहिल्यांदा उपयोगी पडला. तोवर मी त्यांच्यासाठी मुहिंदी होतो, म्हणजे हिंदुस्थानी आणि म्हणून बहुधा दुकानदार. पंपाचे पैसे कधी मागणार याची त्या वाट पाहत असत, हे मला वर्षभराने समजले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मिशनकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात परदेशी जाणाऱ्याने तिथल्या लोकांची भाषा अस्खलित बोलण्याइतकी शिकावी असे म्हटले आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ते कसे होणार?

आपल्या मातीतलेच उदाहरण देतो. फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी आयुष्याची कितीतरी दशके तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत घालवली. लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. पाणलोट विकासाचे जे काम त्यांनी उभे केले, त्यात गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे आणि चराईवर बंधन घालायचे, मगच पुढचा निधी, अशी शिस्त होती. परदेशातून आलेल्या माणसाने गावाला अट घालावी आणि गावाने ती आपली म्हणून पाळावी, एवढा विश्वास तीन आठवड्यांत मिळत नाही.

१९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मी त्यांच्याइतका टोकाला जात नाही, कारण मदत होऊ शकते हे मी पाहिले आहे. पण निम्मे म्हणणे मला पूर्ण पटते. भेटीला जायचे असेल तर अवश्य जा आणि तिला भेट म्हणा. लोदवार १९७८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, आहे. तिथल्या मिस्सेत बसा, अर्पणाच्या वेळी धान्य घेऊन नाचत येणारी माणसे पाहा, छोट्या समूहांच्या प्रार्थनेला जा. आपल्या श्रद्धेला त्यातून पुष्कळ मिळेल. मात्र शाळेच्या भिंती रंगवायला जाऊ नका, कारण ते काम शोधणारे तरुण त्याच गावात असतात. लहान मुलांना कडेवर घेऊन फोटो टाकू नका. आपल्या मुलांचे असे फोटो कोणा अनोळखी पाहुण्याने टाकलेले आपण खपवून घेतले नसते.

'मिशन' हा शब्द वाचून काही मित्र विचारतील की तुम्ही तिथे धर्मांतर करायला गेला होता का. दोन वर्षांत मला तसे कोणी सांगितले नाही आणि मी तसे केले नाही. पंप पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाचा होता. मी का आलो असे कोणी विचारले, तर मी प्रार्थना करतो आणि त्यातूनच आलो, असे खरे उत्तर देत असे.

मी गेलो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केनिया सरकार आणि युनेस्को यांनी तुर्कानाच्या लोतिकीपी मैदानाखाली पाण्याचा प्रचंड साठा सापडल्याचे जाहीर केले. वसईतून फोन आले की आता तुमचे काम संपले. पुढच्या चाचण्यांत ते पाणी पिण्यासाठी फार खारे निघाले. आमच्या वाड्यांवरच्या बायकांनी मधल्या काळात झिरे खणणे एक दिवसही थांबवले नव्हते.

त्या चार तरुणांना सांगतो: विमानभाड्यासाठी साठवलेले पैसे मोडू नका. ऑक्टोबरमधल्या मिशन रविवारनंतर दर शनिवारी संध्याकाळी माझ्या वर्कशॉपवर या. एक जुना हातपंप मी आणून ठेवला आहे, तो उघडायला शिकू आणि मला येते तेवढी स्वाहिली शिकू. वर्षभर आलात आणि तरीही दोन वर्षांसाठी जावेसे वाटले, तर पत्र मी त्याच दिवशी लिहीन.