आक्का देवभोळी नव्हती

आज आक्काचं, म्हणजे माझ्या आजीचं, वर्षश्राद्ध झालं. पानं उठली, पाहुणे हात धुऊन ओसरीवर टेकले, सुपारीचं तबक फिरलं, आणि आमचे एक जवळचे पाहुणे, वयानं मोठे, चांगले शिकलेले, सगळ्यांसमोर म्हणाले, "देवभोळी होती बिचारी. सगळा जन्म देवदेव करण्यात गेला." दोन-चार माना हलल्या. मी गप्प बसलो. श्राद्धाला दारात आलेल्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे आक्कानंच शिकवलंय. पण आता रात्रीचे अकरा वाजले तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहितोय.

बिचारी? आक्का?

आणि भोळी?

१९९४ साल. मी सातवीत होतो. आमचं गाव तारडगाव, तालुका फलटण. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरेत पादुकांना स्नान घालून पाडेगावला आपल्या सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि मग मुक्काम आमच्या गावात. घर रस्त्याला लागून. पणजोबांपासून एक दिंडी आमच्याकडं उतरते. शंभर-सव्वाशे माणूस. त्या दिवसासाठी आक्का वर्षभर पैसे साठवायची. देव्हाऱ्याखाली बोर्नव्हिटाचा जुना डबा होता, त्याला घरात 'माउलीचा डबा' म्हणायचे. दुधाचे दोन पैसे, शेळी विकली की त्यातले थोडे, असं त्यात पडायचं. त्या डब्यातली दहाची नोट मी पालखीच्या दिवशी दुपारी चोरली. बाजारात प्लास्टिकचं पिस्तूल आलं होतं, टिकल्यांचं.

संध्याकाळी पंगत बसली, भाकरी, पिठलं, ठेचा. आक्का वाढत होती, माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, सुटलो.

रात्री दोनला तिनं मला हलवून उठवलं. "ऊठ. हापशावर चल."

वारकरी पहाटे फार लवकर आंघोळी उरकतात. दारातल्या हापशावर रांग लागलेली. आक्का म्हणाली, "दहा रुपयं माउलीचं हायती. तुझ्याकडं पैसं न्हाईत, हात हायती. कळशीला चार आणं. चाळीस कळशा हापसून द्यायच्या." आणि चुलीतला कोळसा घेऊन स्वैपाकघराच्या दाराआड भिंतीवर चाळीस रेघा ओढल्या, पाच-पाचच्या जुडग्यांनी. कळशी भरली की मी ओरडायचं, आणि ती चुलीपुढून उठून ओल्या अंगठ्यानं एक रेघ पुसायची.

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. दहा रुपयांचे चार आण्यांनी चाळीस होतात, हे तिला कुणी शिकवलं होतं? पंगतीला पीठ किती, त्यातून भाकरी किती, कुठल्या साली किती माणूस जास्त आलं, सगळं त्याच भिंतीवर असायचं. पंचवीस किलो पिठात अडीचशेला पाच कमी पडल्या तर कुणाचा हात जाड पडतोय हे तिला बरोबर कळायचं. भोळी म्हणे.

ज्यांना 'देवदेव' म्हणजे डोळे मिटून टाळ्या वाजवणं वाटतं, त्यांनी एकदा पालखीसोबत लोणंद ते फलटण चालून बघावं. रथापुढं सत्तावीस दिंड्या, मागं कितीतरी, प्रत्येकीची जागा ठरलेली, लाखो माणूस आणि कुणी कुणाला ढकलत नाही. ही शिस्त ज्यांनी घालून दिली ते हैबतबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंदे सरकारच्या पदरी राहिलेले. भोळ्याभाबड्यांच्या जिवावर हे इतकी वर्षं चाललं असतं का? मला राग येतो तो याचाच. बाई शिकलेली नसली आणि कपाळाला बुक्का असला की तिला अक्कल नव्हती असं आपण धरूनच चालतो.

आक्काचा जन्म १९३१ चा, असं आजोबा सांगायचे. माहेर खटाव तालुक्यातलं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा फलटण अजून संस्थान होतं, ते १९४८ ला विलीन झालं. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे हरिपाठ, एकादशीला पाण्याशिवाय काही नाही. मार्गशीर्षात गोंदवल्याला जायची, महाराजांच्या पुण्यतिथीला. तिथं गेली की आधी भाजी निवडायला बसायची, समाधीचं दर्शन नंतर. मी लहानपणी विचारलं होतं, आधी दर्शन का नाही घेत. म्हणाली, "म्हाराज कुटं चाललंत?"

१९६७ चा भूकंप झाला, ११ डिसेंबरला, पहाटे. आक्का उठलेलीच होती, हरिपाठ चालू होता. देव्हारा फळीवरून खाली आला, सगळे देव जमिनीवर. आई-बाप, पोरं, कोण कुठं पळतंय. आमचे काका तेव्हा दहा वर्षांचे. ते सांगतात, आक्कानं देवांना हात लावला नाही. पोरांना अंगणात ढकललं, मग गोठ्यात जाऊन दावी कापली, म्हशी बाहेर काढल्या, सासऱ्यांना पाठुंगळी घेऊन आली. देव दुपारी उचलले, धुतले, जागेवर ठेवले. ही देवभोळी.

आणि बहात्तरच्या दुष्काळाचं तर सगळ्या घराला पाठ आहे. आक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हातोडीनं डाव्या अंगठ्याचं नख गेलं ते परत नीट आलंच नाही, शेवटपर्यंत तो अंगठा पुढं चपटा होता. त्याच अंगठ्यानं ती रेघा पुसायची. घरात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि पोरांना सुकडी. पालखी जवळ आली तसं आजोबा म्हणाले, सावकाराकडून थोडं उचलू, घराण्याची रीत मोडायला नको. आक्का म्हणाली, "कर्जाची भाकरी माउलीच्या घशाखाली जायची न्हाई." दिंडी आल्यावर स्वतः विणेकऱ्यांपुढं गेली, पाया पडली आणि सांगितलं, यंदा सारवलेली जागा आहे, पाणी आहे, पंगत नाही. ते म्हणाले, माउली, एवढं पुष्कळ झालं. त्या रात्री दिंडीतल्या लोकांनी आपल्या शिदोऱ्या सोडल्या आणि आमच्या घरातल्या पोरांना जेवू घातलं. काका हे सांगताना दरवेळी थांबतात.

आता कुणीतरी म्हणणारच, म्हणून मीच म्हणतो. कावळा शिवला की आक्का माझ्या आईला चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत बसवायची, आणि ते चूक होतं. थोरल्या आत्याची शाळा सातवीला सुटली, तेव्हाही आक्का काही बोलली नाही. आईनं आणि आत्यानं ते मनातून काढलंय का, मी कधी विचारलेलं नाही. पण आज दुपारी त्या पाहुण्यांचं वाक्य ऐकून ताडकन उठून आत गेली ती आईच.

हापशावर येतो.

सदतीस कळशा झाल्या. तळहाताला फोड येऊन फुटले होते. दांडा धरवत नव्हता, मी दोन्ही कोपरं टाकून हापसत होतो. एक म्हातारी वारकरीण आली, मराठवाड्याकडची असावी, बोली तशी होती. तिच्या तांब्यात पाणी ओतलं. तिनं तांब्या खाली ठेवला, वाकली, आणि माझ्या पायाला हात लावला. "माउली," म्हणाली. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, लहान-मोठं बघत नाहीत, हे मला माहीत होतं. पण मी चोर होतो हो. खिशात टिकल्यांची पुडी होती अजून. मी हापसा सोडला आणि स्वैपाकघरात पळालो, आक्काच्या पदरात तोंड घालून रडलो. ती काही म्हणाली नाही. वाटीत कोमट खोबरेल घेऊन माझे दोन्ही हात चोळत बसली. चुलीवर चहाचं भगुणं उकळत होतं, बाहेर माणसं उठायला लागली होती.

मी म्हणालो, तीन राहिल्यात, टाकतो. तेवढ्यात कर्णा झाला, दिंडीनं पताका उचलल्या. म्हणाली, "ऱ्हाऊ देत. पुडच्या साली."

पुढच्या साली मी शंभर कळशा हापसल्या, मोजून. भिंतीपाशी जाऊन अंगठा ओला केला तर तिनं हात धरला. "त्या पुसल्यास, मग तेच्या फुडच्या साली काय निमतानं येशील?"

मी दरवर्षी गेलो. बारावीला गेलो, नोकरी लागल्यावर रजा टाकून गेलो, लग्नानंतर बायकोला घेऊन गेलो. घराला दोनदा चुना झाला, एकदा ऑइलपेंट लागला, तेवढा वीतभर तुकडा तिनं रंगवू दिला नाही.

२०२० ला पायी पालखी नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आक्का तेव्हा एकोणनव्वद. तारडगावच्या मुक्कामाच्या दिवशी सकाळपासून ओट्यावर बसून होती, रस्ता मोकळा. संध्याकाळी उठली, पाच भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि नाक्यावर बंदोबस्ताला असलेल्या दोन पोलिसांना पोचवायला लावलं. ते बिचारे नको नको म्हणत होते. आईला म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊ देऊ नगं त्यास्नी."

गेल्या वर्षी वैशाखात गेली. त्र्याण्णव वर्षांची. सकाळी आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पडली आणि दुपारपर्यंत संपलं. दीडेक महिन्यात पालखी आली. आणि इथं मला लाज वाटते ते लिहितो. घरात कुणाला उभारी नव्हती, म्हणून आम्ही आचारी लावला. पुरी-भाजी, मसालेभात, गुलाबजाम, प्लास्टिकच्या पत्रावळ्या. दिंडी जेवली, कुणी नाव ठेवलं नाही. विणेकरी आता त्या वेळच्यांचे नातू आहेत. जेवण झाल्यावर ते आत आले, चुलीकडं बघितलं. चूल थंड होती. "आक्कांची जागा कुठली?" एवढंच विचारलं, तिथं डोकं टेकलं आणि गेले.

त्या पाहुण्यांबद्दल आता राग राहिला नाही खरं तर. त्यांनी तिला लग्नकार्यातच पाहिलं, हातात माळ घेऊन कोपऱ्यात बसलेली. त्यांना कुठनं माहीत असणार. पण माझ्या भावंडांनो, चुलतभावांनो, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिथं बसला होता आणि तुमच्याही माना हलल्या. तुम्ही त्या चुलीच्या भाकरीवर वाढलात. तुमच्या हाताला कधी तिनं तेल लावलं नाही का?

यंदा आचारी लावणार नाही, आईशी बोललोय. पंचवीस किलो ज्वारी-बाजरी दळून आणतो, चुली तीन मांडायच्या, सरपण काका बघतायत. भाकरी थापायला निदान आठ हात पाहिजेत. आई आता साठ-सत्तर भाकरींच्या पुढं थापू शकत नाही, बायको शिकतेय, थोरल्या आत्यानं येते म्हणून सांगितलंय. साताऱ्याहून, फलटणहून ज्यांना येता येईल त्यांनी मुक्कामाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत या. पुरुषांनाही थापता येतात, मी शिकलोय, कडा फाटतात पण पोटात गेल्यावर कळत नाही. हापशाचं पाणी गेली चार-पाच वर्षं आटलंय, टँकर सांगितलाय, पण टँकरपासून घरापर्यंत कळशीनंच आणावं लागेल.

रात्री दोनच्या पाण्यासाठी कुणी जागं राहू नका. त्याला मी आहे. माझ्या तीन राहिल्यात.