पाणी किती फूट ते कळतं, पण पाण्यात उतरावं का ते कधी कळणार?

पावसाळा लागला की कोल्हापुरात एकच चौकशी असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, हे चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या कळतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात याच आकड्यावर डोळा ठेवून लोकांनी जनावरं हलवली, घरं रिकामी केली. आकडा रोज कळतो, सगळ्यांना कळतो, आणि लोक त्याप्रमाणे वागतात.

माझी मागणी तेवढीच आहे. नदीत पाणी किती आहे हे जसं कळतं, तसं ते पाणी अंगावर घेण्यासारखं आहे का, हेही घाटावर फळ्यावर लिहिलेलं दिसायला हवं. निदान आठवड्यातून एकदा. आणि हे काम नदीत उतरणाऱ्या माणसांनी स्वतः अंगावर घ्यावं.

उतरणारे थोडे नाहीत. उन्हाळ्यात सकाळी पंचगंगा घाटावर जाऊन बघा. साठी ओलांडलेले काका रोजच्या वेळेला हजर असतात. तालमीतली पोरं व्यायाम झाला की थेट नदीवर. पाठीला डबा बांधून पहिल्यांदाच हात मारणारी लहान मुलं, पायऱ्यांवरून मुटके मारणारी त्यांची मोठी भावंडं. चैत्रात जोतिबाला निघालेले, नवरात्रात अंबाबाईला आलेले परगावचे लोक इथंच अंघोळ करतात. खाली नृसिंहवाडीला संगमावर तर वर्षभर स्नान चालू असतं. वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकला गेलेला जलतरणपटू या शहराचा आहे. पोहणं इथं रक्तात आहे, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं.

"आमच्या आज्ज्यापास्नं पवतोय, काय झालं न्हाई." हे मी घाटावर कायम ऐकते. आज्ज्याच्या काळात शहर केवढं होतं आणि आज केवढं आहे, हा विचार त्यात नसतो. आज एकट्या कसबा बावड्याचं सांडपाणी केंद्र दिवसाला 76 दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे. त्यावरून शहर किती पाणी वापरून सोडतं याचा अंदाज येईल. केंद्र झालं हे चांगलंच झालं. पण वीज गेली, उपसा थांबला किंवा जोराचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी केंद्राची वाट बघत बसत नाही, ते सरळ नदीला मिळतं. शिवाय प्रक्रियेतून बाहेर पडलेलं पाणी दिसायला नितळ असलं तरी निर्जंतुकीकरण नीट झालेलं नसेल तर त्यात जंतू असतातच. पाणी हिरवं, काळं दिसलं, केंदाळ म्हणजे जलपर्णी वाढली, मासे मेले की बोंब होते, आणि ती व्हायलाच पाहिजे. पण ज्या पाण्यानं पोरगं आजारी पडतं ते पुष्कळदा स्वच्छ दिसणारं पाणी असतं.

आजार काय होतात हे सांगायला नको. जुलाब-उलट्या, कान फुटणं, खाज, डोळे येणं, उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून येणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) ताप, आणि कावीळ. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती हे या जिल्ह्यानं पाहिलंय. ती पिण्याच्या पाण्यातून आली, हे खरं. पण तो विषाणू मैलापाण्यातूनच येतो, आणि पोहायला शिकणारी मुलं गटांगळ्या खाताना पाणी पितातच.

अंघोळीच्या पाण्याचे निकष आपल्याकडे कधीचे ठरलेले आहेत. केंद्र सरकारनं ते 2000 साली अधिसूचनेनं दिले. 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू 500 पर्यंत असावेत, जास्तीत जास्त 2500. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली नको, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जेवढा ऑक्सिजन खाते तो, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नको, सामू (पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा) साडेसहा ते साडेआठ. प्रदूषण नियंत्रण मंडळ पंचगंगेवर ठरलेल्या ठिकाणी दर महिन्याला नमुने घेतं, आकडे संकेतस्थळावर टाकतं. ते काम मोलाचं आहे. पण महिन्यातून एका दिवशी घेतलेला नमुना येत्या रविवारी पोरांना घेऊन नदीवर जाणाऱ्या बापाला काय सांगणार? आणि घाटाच्या पायरीवर उभं राहून संकेतस्थळ कोण उघडणार?

म्हणून स्वयंसेवक हवेत. हे काम वाटतं तेवढं अवघड नाही. मात्र जे सोपं वाटतं तेही नीट समजून करावं लागतं.

गावोगावचे जलसुरक्षक, म्हणजे गावचं पिण्याचं पाणी तपासणारे कर्मचारी, वापरतात ती छोटी बाटली अनेकांनी पाहिली असेल. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं झालं तर दूषित. पिण्याच्या पाण्याला ही तपासणी उत्तम. नदीला ती उपयोगाची नाही, कारण नदीचं पाणी जवळपास कायमच काळं होणार. नदीत जंतू आहेत का हा प्रश्नच नसतो, किती आहेत हा असतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, जिथं पाणी अतिबारीक छिद्रांच्या चकतीतून गाळून ती चकती साडेचव्वेचाळीस अंश सेल्सिअस तापमानाला चोवीस तास ठेवतात आणि उगवलेले जंतूंचे ठिपके मोजतात.

ऑक्सिजन मात्र घाटावरच तपासता येतो. काचेच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं, त्यात दोन रसायनं सोडायची, बूच लावून हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही जणांनी अशा दोन बाटल्या भरल्या. एक घाटाच्या वरच्या अंगाला, दुसरी एका नाल्याच्या तोंडाशी. पहिलीत बघता बघता चहासारखा तपकिरी साका खाली बसायला लागला. दुसरीत पांढरा. शेजारी उभा असलेला आठवी-नववीतला मुलगा दोन्ही बाटल्या उन्हात धरून कितीतरी वेळ बघत होता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे इथं मासा जगत न्हाई?" प्रदूषणावरच्या दहा भाषणांनी जे झालं नसतं ते त्या दोन बाटल्यांनी केलं.

खरी गरज आहे ती शिस्तीची. जागा तीच, वार तोच, वेळ तीच. गुडघाभर पाण्यात उतरून, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून, पृष्ठभागाच्या वीतभर खालून नमुना घ्यायचा. बाटली निर्जंतुक हवी, तोंडाला बोट लागता कामा नये. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. वहीत पावसाची नोंद, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेत की काढलेत याची नोंद. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही आपल्याच मातीची देणगी, पण बरगे घातल्यावर पाणी तुंबून राहतं आणि काढल्यावर साठलेली घाण एकदम खाली जाते. ही गोष्ट परगावाहून आलेल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा नदीकाठच्या शेतकऱ्याला जास्त कळते.

अमेरिकेत बोस्टन शहरातून चार्ल्स नावाची नदी जाते. एकेकाळी घाणीसाठीच ती ओळखली जायची. तिथं 1995 पासून स्वयंसेवक दर महिन्याला नदीभर ठरलेल्या ठिकाणी नमुने घेतात. उन्हाळ्यात नावांच्या धक्क्यांवर झेंडे लावतात, निळा असला तर पाणी ठीक, लाल असला तर जपून. नाव घेऊन निघालेला माणूस झेंडा बघून ठरवतो. आपल्या घाटावर भगवा, हिरवा, निळा लावला तर त्याचे भलतेच अर्थ निघतील, त्यामुळे साधा काळा फळा आणि खडू पुरे.

एक अडचण खरीखुरी आहे. जंतूंचा आकडा यायला एक दिवस लागतो, म्हणजे कळतं ते कालच्या पाण्याचं. म्हणून नमुना शुक्रवारी सकाळी घ्यायचा, शनिवारी संध्याकाळी फळ्यावर लिहायचं, रविवारची गर्दी त्यावर ठरवेल. आणि मध्ये जोराचा पाऊस झाला तर आकडा पुसून टाकायचा. वळवाच्या पहिल्या पावसात सगळ्या गल्ल्यांची, गटारांची घाण नदीत उतरते. त्यानंतर दोन दिवस लहान मुलांना पाण्यात सोडू नये. एवढी एक गोष्ट घराघरांत पोचली तरी पुष्कळ झालं.

"तुमचे आकडे कोर्टात टिकणार का?" असंही मला विचारलं गेलंय. नाही टिकणार. 1974 च्या जल कायद्याप्रमाणे त्यासाठीचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच, ठरलेल्या रीतीनं घ्यावा लागतो. आपला फळा कुणाला शिक्षा करायला नाही, तो घाटावर आलेल्या आईला सांगायला आहे. पण तीन-चार महिने सलग आकडे वहीत असले, तर त्या अधिकाऱ्याला नेमक्या जागी, नेमक्या वेळी बोलावता येतं. नुसत्या निवेदनाला ती धार नसते.

काही जण म्हणतात, असे आकडे लावून तुम्ही लोकांना नदीपासून तोडाल. मला हे अजिबात पटत नाही. पोरं पोहायची बंद झाली की नदीची आठवण फक्त पुरात आणि विसर्जनात येईल. पोहणारा माणूस रोज पाण्याकडे बघतो, वास घेतो, बदल ओळखतो. नदीला याच माणसाची सगळ्यात जास्त गरज आहे.

कोल्हापूरच्या पेठांमध्ये तालमी आहेत, मंडळं आहेत. महापुरात हीच पोरं गळ्याएवढ्या पाण्यात उतरून लोकांना बाहेर काढत होती. एका तालमीनं एक जागा घ्यावी, प्रयाग चिखलीच्या संगमापासून कसबा बावड्यापर्यंत. विज्ञान शिकवणाऱ्या कॉलेजांनी तपासणी करावी, विद्यार्थ्यांना प्रकल्पही मिळेल. रंकाळा तलावालाही हेच करता येईल, पण सुरुवात घाटापासून करूया.

मायक्रोबायोलॉजीचं (सूक्ष्मजीवशास्त्राचं) कुणी हे वाचत असेल आणि शुक्रवार-शनिवार आपल्या प्रयोगशाळेतला इनक्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारी पेटी) वापरू देणार असेल, तर त्यांनी आधी खाली लिहावं. बाटल्या भरायला आणि बर्फाची पेटी उचलायला माणसं तयार आहेत.