रंगसंगती : नाना

आभारांची स्लाइड शेवटची होती. पहिल्या ओळीत गाठी पाठवणारे सर्जन, दुसरीत स्कॅनर उसना देणारे, आणि तिसरीत, जरा ठसठशीत टायपात, ‘रंगसंगती : नाना’. त्याखाली जोडलेले हात. संपलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण डोळे चौथी ओळ शोधत होते.

नाना हे आमच्या सरांचे मामा. इंदुरातल्या एका मिलमध्ये रंगखात्यात मास्तर होते. मिल बंद पडून तीसेक वर्षं झाली, मास्तरकी चालूच आहे. रोज अकराला रामबागेतून स्कूटरवर येतात आणि लॅबमधल्या सगळ्यात थंड खोलीत बसतात. खोली स्कॅनरसाठी थंड ठेवलेली आहे आणि दुर्दैवानं तीत माझंही टेबल आहे. मग खिशातून शेवेची पुडी निघते. ‘येथे खाऊ नये’ ही पाटी तिरकी झाली होती ती त्यांनीच सरळ केली, शेव खाता खाता. वर रोज रस्त्याची एक तक्रार. शुक्रवारची अशी होती : “पलासियाच्या सिग्नलला खालचा दिवा लागून इतका वेळ झाला, तरी पुढचा भिया हलायला तयार नाही!” हिरवा न म्हणता माणूस ‘खालचा’ का म्हणतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. सर दुपारी चित्र मागणार होते, डोक्यात तेवढंच होतं.

चित्र होतं स्तनाच्या गाठीच्या कापाचं, केआय-67 हे प्रतिद्रव्य लावून रंग दिलेलं. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचं केंद्रक त्यात डॅब नावाच्या रसायनामुळे तपकिरी होतं, बाकीची हिमॅटॉक्सिलीन या रंगानं निळी राहतात. तपकिरी किती टक्के, हे क्युपाथ मोजून देतं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे आणि चांगलं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. केंद्रक ओळखण्याचा उंबरठा 0.1, क्षेत्रफळ 10 ते 400 चौरस मायक्रॉन, पॉझिटिव्ह, म्हणजे तपकिरी, ठरवायला केंद्रकातल्या डॅबची सरासरी घनता 0.2. चार हजारांच्या आसपास केंद्रकं सापडली. काप चुरगळला होता तिथली खोटी केंद्रकं मी हातानं काढली. काम झालं होतं. आता फक्त ‘दाखवायचं’ उरलं होतं, आणि हे ‘फक्त’ म्हणणारी माणसं मला एकदा रांगेत उभी करायची आहेत.

क्युपाथमध्ये पॉझिटिव्हची कड आपसूक लाल येते आणि निगेटिव्हची निळसर. मी स्क्रीन वळवली. नानांनी शेवेचा बकाणा थांबवला.

“हे निळे निळे मोजलेस, ठीक,” ते म्हणाले. “पण मातकट सगळे सोडून दिलेस की गं!”

“नाही नाना, त्यांच्याभोवती लाल कड आहे ना.”

“कुठंय?”

“ही काय.”

“हा मातकटच आहे.”

“मातकट आत आहे. बाहेरून लाल.”

“अगं, तीस वर्षं रंगात हात घातलेत मी. आत मातकट आणि बाहेर पण मातकट. कड दिलीच नाहीस तू.”

एवढ्यात सर दारातून डोकावले. त्यांना कुठेतरी जायची घाई होती. “मामा म्हणतायत ते बरोबर आहे, लाइन दिसत नाहीये. जाड करा.” गेले.

जाड करा. बरं. इथे एक मेख आहे. क्युपाथमध्ये आपण हातानं आखलेल्या चौकटीची, म्हणजे ॲनोटेशनची, रेघ स्क्रीनच्या पिक्सेलात मोजतात. कितीही जवळ जा, लांब जा, ती तेवढीच दिसते. सापडलेल्या पेशींची, म्हणजे डिटेक्शनची, रेघ मात्र चित्राच्या पिक्सेलात मोजतात. दोन्हींचे आकडे प्रेफरन्सेसमध्ये एकाखाली एक आहेत, त्यामुळे लोक चुकीचा बदलतात आणि मग ‘होतच नाही’ म्हणून मला हाक मारतात. आमचं स्कॅनिंग पिक्सेलला पाव मायक्रॉनचं. म्हणजे 2 पिक्सेलची रेघ अर्ध्या मायक्रॉनची. लांबून पाहिलं की ती विरून जाते, जवळ गेलं की दोरखंड होते. मी 10 केली. अडीच मायक्रॉनची रेघ, आणि केंद्रक जेमतेम आठ मायक्रॉनचं. पेशींना ट्रकचे टायर बसवल्यासारखं दिसू लागलं.

“आता?”

“निळ्यांना छान कड आली,” नाना म्हणाले. “मातकट मात्र फुगले.”

मग मी एफ दाबला. एफनं आख्खी पेशी त्या रंगानं भरून येते. वरच्या पट्टीतल्या सरकत्या बटणानं भरलेला रंग हवा तेवढा पातळ करता येतो. मला स्वतःला भरलेली चित्रं आवडत नाहीत. कड दाखवायची ती पाहणाऱ्याला स्वतः तपासता यावं म्हणून, की सॉफ्टवेअरनं केंद्रक नीट धरलंय की दोन मिळून एक केलंय, फिकट तपकिरी पॉझिटिव्हमध्ये ओढलाय की नाही. भरून टाकलं की खालचा डाग झाकला जातो आणि ‘विश्वास ठेवा’ एवढंच उरतं. पण दुपार होत आली होती, मी भरलं. नाना म्हणाले, “हा मातकट जरा पक्का झाला.” मी डी दाबून सगळं गायब केलं, पुन्हा दाबून आणलं. असं पाचसहा वेळा केलं. त्याचा उपयोग काही नसतो, बोटांना बरं वाटतं.

“बरं, याचं नाव काय म्हणालीस? केआय म्हणजे कोण?”

“कोणी नाही. कील. जर्मनीतलं गाव आहे. तिथे हे प्रतिद्रव्य सापडलं, थाळीतल्या 67 नंबरच्या क्लोनमधून.”

“म्हणजे गाव आणि खोली नंबर.” नानांनी मान डोलावली. “आणि हा निळा?”

इथे माझी चूक झाली. मी खरं उत्तर दिलं. हिमॅटॉक्सिलीन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून निघतं, मुळात त्याला म्हणावा असा रंगच नसतो, हवेनं किंवा औषधानं ऑक्सिडाइझ झालं की रंग येतो, आणि तोही तुरटीशिवाय धरत नाही. तुरटी हा शब्द ऐकताच नानांनी शेवेची पुडी घडी घालून खिशात ठेवली. पुढचा पाऊण तास आमच्या खोलीत फक्त रंगखातं होतं. झाडाच्या त्याच गाभ्यानं लोकरही काळी व्हायची. नीळ हौदात असताना पिवळट, सूत बाहेर काढून हवेत धरलं की डोळ्यांदेखत निळं. हौद ‘बसला’ आहे की नाही हे वासावर ओळखायचं. पाणी जड असेल तर काय, पावसाळ्यात काय. मी त्यांना सांगितलं, आमचाही रंग आधी जांभळट असतो आणि नळाच्या पाण्यात धुतल्यावर निळा होतो, त्यालाही आम्ही निळा करणंच म्हणतो. ते इतके खूश झाले की उठून चहा सांगून आले. खोटं कशाला बोलू, त्या पाऊण तासात मलाही मजा आली. पण चित्र जिथल्या तिथे होतं आणि सरांचे दोन फोन येऊन गेले होते.

“एक सांग,” चहाच्या घोटाबरोबर नाना म्हणाले, “कड जाड केली की टक्का वाढतो का?”

“नाही हो. कड म्हणजे नुसतं दाखवणं. टक्का उंबरठ्यावर ठरतो. 0.2 चं 0.15 केलं तर वाढेल.”

“मग तसं कर. कड दिसत नाही तर निदान टक्का तरी दिसू दे.”

हे ते गंमतीत म्हणाले. पण हाच प्रश्न मला पगारी, शिकलेल्या माणसांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलेला आहे. दिसणं वाढवलं की असणं वाढतं अशी त्यांची खरोखर समजूत असते. असो. नानांना निदान टक्क्यात रस नव्हता.

लाल जमत नाही म्हणून मी भरलेलं काढून हिरवा घेतला. वर्गाच्या नावावर दोनदा क्लिक केलं की रंगांची पेटी उघडते, रंग बदलला की त्या वर्गाच्या सगळ्या पेशी एकदम बदलतात, पुन्हा मोजावं लागत नाही. हिरवी कड तपकिरीवर मला तरी खणखणीत दिसत होती.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग हलक्या आवाजात, मी दुखावू नये अशा बेतानं म्हणाले, “अगं, तू काही बदललंच नाहीस.”

तेव्हा मी चिडले. बाहेर दाखवलं नाही, पण कीबोर्डनं ऐकलं. पेशीची बाहेरची सीमाही दिसत होती, ती बंद केली, कारण तो पेशीचा खरा काठ नसतोच. केंद्रकाभोवती पाच मायक्रॉन फुगवलेला अंदाज असतो तो, आणि केंद्रकातला डाग मोजताना त्याची नुसती अडगळ होते. व्ह्यूमध्ये सेल डिस्प्ले, तिथे फक्त केंद्रकं. रेघ पुन्हा 2. आणि रागाच्या भरात, जो पहिला हाताला लागला तो, पिवळा. लग्नाच्या पत्रिकेवरच्या हळदीसारखा, बेशरम पिवळा.

“हां!” नाना खुर्चीतून अर्धे उठले. “आता कसं! हा एक, हा एक, हा... अरे, पुष्कळ आहेत की! आणि ही एवढी मोठी चौकोनी पेशी कुणाची?”

ती पेशी नव्हती. मी आखलेली चौकट होती, आणि निवडलेली होती. क्युपाथमध्ये निवडलेली वस्तू मुळातच पिवळी दिसते. पॉझिटिव्हला पिवळा द्यायचा असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन निवडीचा रंग दुसरा करायचा, नाहीतर चौकट पॉझिटिव्ह होते आणि निवडलेली निगेटिव्ह पेशीसुद्धा. मी निवडीला काळा दिला.

आता चित्र बाहेर काढायचं, आणि इथे अर्धं जग फसतं. निर्यातीत ‘ओरिजिनल पिक्सेल्स’ घेतलं तर नुसता काप मिळतो, एकही कड नाही. ‘रेंडर्ड आरजीबी’ घ्यायचं, त्यात कडा येतात. आमची चौकट एक मिलिमीटर रुंद, म्हणजे 4000 पिक्सेल, स्लाइडला हजार पुरतात, म्हणून डाउनसॅम्पल 4. पण चौपट लहान केलं की 2 पिक्सेलची कड अर्ध्या पिक्सेलची होते, आणि प्रोजेक्टरवर अर्ध्या पिक्सेलची कड म्हणजे उपवासाच्या थाळीतली साखर. म्हणून निर्यातीपुरती रेघ 8 करायची. स्क्रीनवर भयंकर दिसते, बाहेर आलेल्या चित्रात बरोबर 2 होते. झालं की परत 2 वर आणायची. मी कधीच आणत नाही आणि दुसऱ्या दिवशी टायर बघून दचकते.

सर आले. बघितलं. “वा, आता दिसतंय. रंग कुणी सुचवला?”

मी तोंड उघडलं होतं.

“मी म्हटलं तिला,” नाना म्हणाले, “मातकटावर लाल-हिरवं चढत नाही. पोरगी ऐकेचना.” आणि माझ्याकडे वळून, मोठ्या मनानं, “होतं असं. मला पण लाल-हिरव्याचं काही कळत नाही. मिलमध्ये ते हाताखालची पोरं बघायची. माझी फक्त नीळ.”

सर हसले, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि दोघं पोहे खायला गेले. रंगखात्याचा मास्तर! तीस वर्षं! लाल-हिरव्याचं कळत नाही!

रात्री घरी मी फिजी हे चित्रांचं सॉफ्टवेअर उघडलं, लाल कडांचं चित्र घेतलं आणि इमेज, कलर, ‘सिम्युलेट कलर ब्लाइंडनेस’ चालवलं, म्हणजे रंगांध डोळ्याला ते कसं दिसतं ते बघितलं. चित्र क्षणात मातकट झालं. निळी केंद्रकं आणि त्यांच्या निळसर कडा जागच्या जागी, आणि तपकिरीभोवतीची लाल रेघ तपकिरीत मुरून बसलेली. हिरव्यानं करून बघितलं, तेच. पिवळी मात्र तशीच झगमगत राहिली. नाना अकरापासून शब्दन् शब्द खरं सांगत होते. हे मान्य करायला मला भाकरी गार होईपर्यंत वेळ लागला, आणि आभारांच्या स्लाइडनंतर ते मान्य केलेलं मी परत घेतलं.

पण मग दुसरंच एक डोक्यात शिरलं. लाल-हिरव्याचा हा घोळ एक्स गुणसूत्रावरून येतो. पुरुषाला तो आईकडून मिळतो. म्हणजे नानांना तो त्यांच्या आईनं दिला. त्याच आईच्या मुलीकडे, नानांच्या सख्ख्या बहिणीकडे, तो गेला असण्याची शक्यता निम्मी. आणि तिच्याकडून तिच्या मुलाकडे त्याच्याही निम्मी.

नानांच्या सख्ख्या बहिणीला मुलगा एकच. शुक्रवारी दारातून डोकावून ‘लाइन दिसत नाहीये, जाड करा’ म्हणाला तो.

सोमवारी सरांनी विचारलं, सगळ्या जुन्या केसेस पण त्याच पिवळ्यात करता येतील का. करता येतील, म्हटलं. दोन क्लिक. बाकी काही विचारलं नाही. पगारवाढीचा महिना आहे. अकरा वाजले, बाहेर स्कूटरचा आवाज झाला, आणि मी पाटी तिरकी करून ठेवली.