माझा फोटो कुणी काढला, ते आधी सांगा

कोरोनाचा लॉकडाऊन, आणि सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्याला हात टेकून उभा. साडेसहाला बिल्डिंगच्या ग्रुपवर माझा पाठमोरा फोटो! डोक्यावर टोपी, हातात दुधाची पिशवी आणि खाली मजकूर : 'काका ऐकत नाहीत. घरच्यांनी लक्ष द्यावे.' त्यावर सात जणांचे जोडलेले हात, तिघांचे रडके चेहरे. पावणेसातला पुण्याहून चिरंजीव. "बाबा, तुम्हाला कितीदा सांगायचं?"

आरं मर्दा, मी काय शाळा बुडवून पिक्चरला गेलतो? बहात्तर वर्षांचा माणूस आहे! घरच्यांनी लक्ष द्यावे म्हणे. घरचे म्हणजे कोण, तर ही. तिच्या बीपीच्या गोळीची आठवण रोज मीच करतो. आणि फोटो काढणारा पहाटे रंकाळ्यावर काय मासे धरत होता? परत 'काका'! मला आडनाव आहे, खाली लिफ्टशेजारी पाटीवर लिहिलंय.

आता मे २०२१ उजाडला, चौदा महिने हेच चाललंय. अंबाबाईचं दार पुन्हा बंद, गंगावेशीतला दूध कट्टा बंद. कट्ट्यावरचे आम्ही पाच जण. त्यातला एक एप्रिलमध्ये गेला. पोचवायला जाता आलं नाही, ग्रुपवर फूल टाकलं की झालं.

लशीचं तर विचारूच नका. पहिला डोस मार्चमध्ये घेतला तेव्हा २८ दिवस म्हणाले. मग सहा ते आठ आठवडे. तेवढे भरले तर केंद्रावर 'लस संपली'चा कागद, आणि परवापासून ८४ दिवस! ओटीपी येतो चिरंजीवांच्या मोबाइलवर, चिरंजीव मीटिंगमध्ये. रेल्वेनं तर पहिल्याच दणक्यात, मार्च २०२० मध्येच ज्येष्ठांची सवलत काढून घेतली. का, तर म्हाताऱ्यांनी प्रवास करू नये. काळजी आमच्या तब्येतीची, हात आमच्याच खिशात!

चिरंजीवांनी दोन ऑक्सिमीटर पाठवलेत. स्वतः येता येत नाही, ई-पास लागतो. दिवसातून तीनदा आकडा कळवायचा. ९७ कळवला की अंगठा, ९५ कळवला की फोन. परवा वैतागून हिचं बोट घातलं, ९८ आला, तर म्हणाला, "बघा, घरात बसलं की कसं बरं वाटतं!" रात्री झोप लागते का, दिवसभर बोलता कुणाशी, असं विचारलंय का एकदा तरी? नाही. आकडा सांगा.

बरं, आता बोललोच आहे तर सांगून टाकतो. दूध आमच्या दारात येतं. पिशवी रिकामी होती. आणि २२ मार्च २०२० ला गॅलरीत सगळ्यांच्या आधी थाळी घेऊन उभा होतो तोही मीच. इतकी बडवली की तिला पोचा आला. ही अजून मला त्याच थाळीत वाढते. त्यानंतर महिन्याभरात बिनमास्कचा एक पोरगा पार्किंगमध्ये दिसला, त्याचा फोटो काढून ग्रुपवर कुणी टाकला होता, खाली 'पालकांनी लक्ष द्यावे' कुणी लिहिलं होतं, ते जाऊ दे. त्याच पोराचा बाप आज रंकाळ्यावर होता म्हणे.

उद्या पाचला जाणार. अंधारात फोटो येत नाही.